आबाजींना वाचून दाखवलेली पत्रं

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, जिला माझं जवळपास सगळं ठाऊक आहे त्या एका मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या कामठा गावाचे नाही आणि उद्या सकाळी बसथांब्यावर तुमचं तोंड मला बघावं लागणार नाही. एवढंच. तुमच्यावर माझा काही खास विश्वास आहे असं समजू नका.

मराठीत लिहिते आहे, त्यालाही कारण आहे. मी पहिलीपासून इंग्रजी शाळेत, आमच्या घरातली पहिलीच. इंग्रजीत मला सफाईनं लिहिता येतं – आणि सफाईनं काय काय लिहिता येतं ते मी बघितलेलं आहे. मराठीत मी अडखळते. अडखळलेलं बरं.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, या फेब्रुवारीत गेले. माजी सैनिक आले होते, तिरंगा होता, गावातली निम्मी घरं अंगणात उभी होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात जो उठला तो त्यांच्याबद्दल बोलला, आणि बोलता बोलता शेवटी माझ्याकडे वळला. नात असावी तर अशी. पोरीनं आबाजीचं किती केलं. दर पत्र वाचून दाखवायची, दर पत्र लिहून द्यायची, कधी कंटाळली नाही. मी खाली सतरंजीकडे बघत बसले होते. लोकांना वाटलं रडते आहे. मी रडत नव्हते. पुढचा माणूस तरी लवकर बोलून संपवेल का, एवढंच बघत होते.

आबाजी चांगले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही कडू बोलले तर ते खोटं वाटणार नाही. त्यांचे वडील राइस मिलमध्ये पोती वाहायचे. आबाजी एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेले, ट्रक चालवायला. एकाहत्तरच्या लढाईत गेले आणि डावा पाय अधू करून परत आले, तरी नोकरी पुरी केली आणि हवालदार होऊन घरी आले. मग दोन एकर धान, चार लेकरं, त्यांची शिक्षणं, लग्नं. आजीला लकवा झाला तेव्हा सात वर्षं तिची वेणी त्यांनी घातली. हो, वेणी. हवालदार माणूस अंगणात बसून बायकोच्या केसांना तेल लावतो, हे बघायला शेजारच्या बाया मुद्दाम कुंपणाशी यायच्या. "काय हवालदारसाहेब, आमच्या बुढ्यालेबी शिकवा ना!" आबाजी हसायचे नाहीत. भांग सरळ आला की नाही ते बघायचे.

आणि संध्याकाळी हाजरी घ्यायचे. जेवायच्या आधी ताटं मांडली की आबाजी दारात उभे राहून माणसं मोजायचे. एक जरी कमी असला तरी कुणी जेवायचं नाही. बाबांना रेल्वेत बढती मिळत होती, नागपूरला. आबाजी त्या संध्याकाळी बाबांच्या रिकाम्या पाटाकडे बघून म्हणाले, "हा पाट उचलून ठेवा मंग." बाबांनी बढती नाकारली. गावात याला प्रेम म्हणतात. प्रेमच होतं ते. पण ज्या माणसाला मोजतात त्याला कसं वाटतं, हे मोजणाऱ्याला कधी कळतं का?

असो. पत्रांचं सांगते.

लढाईत आबाजींच्या ट्रकवर दुसरा ड्रायव्हर होता – केरळचा, नाव चाको. तोफगोळ्यानं रस्ता खचला, ट्रक उलटला आणि आबाजींचा पाय खाली सापडला. बाकीच्या गाड्या पुढे निघून गेल्या. चाकोला जाता येत होतं. तो गेला नाही. जॅक लावून, हातांनी माती उकरून, तो तिथंच बसून राहिला, आणि पुढचा गोळा जवळ पडला त्यात त्याचे दोन्ही कान गेले. आबाजींचा पाय आणि चाकोचे कान – एकाच दुपारी. फौजी इस्पितळात शेजारशेजारच्या खाटांवर असताना त्यांचं ठरलं. आमच्याकडे अंत्ययात्रेला जायला 'मातीले जाणं' म्हणतात. आबाजींनी ते चाकोला हातवारे करून समजावलं म्हणे: तुझ्या मातीले मी येईन, माझ्या मातीले तू ये. जो मागे राहील त्यानं यायचं. काहीही झालं तरी.

त्यानंतर ते दोघं एकमेकांना भेटले नाहीत. एक पार तिकडे केरळात, एक इकडे, आणि दोघांनाही घरं. फोन उपयोगाचा नव्हता. एकदा चाकोच्या मुलानं बूथवरून लावून दिला होता. आबाजी अंगणात उभे राहून ओरडत होते, "चाको! मी बोलून राहिलो!" आणि तिकडून नुसतं हॅलो, हॅलो. दहा मिनिटं दोघं एकमेकांना हॅलो म्हणत होते. फोन ठेवल्यावर आबाजी समाधानानं म्हणाले, "लय दिवसानं बोलनं झालं."

म्हणून पत्रं. चाकोला हिंदी बोलता यायची, वाचता नाही. आबाजींना मल्याळम कुठून येणार? आधी गावातल्या मास्तरांकडून काही काही लिहवून घ्यायचे. मी चौथीत गेले तसं आबाजींनी मला बोलावलं, पाटीऐवजी पॅड दिलं आणि म्हणाले, "लिव पोरी. इंग्रजीत लिव. चाको, मी ठीक आहो. धान कापून झाला. पाय दुखून राहिला, पन चालते." तिकडे चाकोची नात होती, माझ्याहून वर्षभरानं मोठी – जिन्सी. ती त्याच्यासाठी माझं पत्र वाचायची, म्हणजे तो बहिरा, तर ती ते पाटीवर मल्याळममध्ये लिहून त्याच्यापुढे धरायची. मग तो बोलायचा आणि ती इंग्रजीत लिहून पाठवायची. मग मी मराठीत वाचायची. दोन म्हातारे, मध्ये दोन पोरी. दिवाळीनंतर नवा चिन्नोर तांदूळ आला की आबाजी पाच किलो मांजरपाटाच्या पिशवीत शिवायचे, वर मी स्केचपेननं पत्ता लिहायची. तिकडून तशाच शिवलेल्या पिशवीत काळे मिरे यायचे. आमच्या घरी कुणी पाहुणा आला की आबाजी त्याच्या तळहातावर दोन मिरे ठेवायचे आणि म्हणायचे, "खा. दोस्ताच्या झाडाचे आहेत."

आबाजींना इंग्रजीत एकच शब्द ओळखता यायचा. चाको. जिन्सीला हे माहीत होतं, म्हणून ती पत्रात 'आजोबा' न लिहिता मुद्दाम त्याचं नाव लिहायची. मी वाचत असताना आबाजी माझ्या शेजारी बसून कागदावर बोट फिरवायचे आणि नाव आलं की बोट थांबवायचे.

आतापर्यंतचं वाचून तुम्हाला बरं वाटत असेल. वाटून घ्या.

तर – पहिली गोष्ट. गेली सहा वर्षं मी आबाजींना वाचून दाखवलेलं एकही पत्र खरं नव्हतं. ती मी लिहिली होती. रेघांच्या कागदावर, जिन्सीसारखं तिरपं अक्षर काढून, वर्षातून दोनदा. मी तेव्हा रोज बसनं गोंदियाला कॉलेजात जायची, तर सांगायची, मोठ्या पोस्टात पडून होतं, घेऊन आले. चाकोचे गुडघे, चाकोच्या शेळ्या, चाकोच्या घरावरचं नवं छप्पर – सगळं माझं. नाव मी नीट काढायची, मोठं, म्हणजे आबाजींचं बोट चुकू नये. मिरे मी गोंदियाच्या बाजारातून आणायची आणि वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीच्या खोलीवर बसून मांजरपाटात शिवायची. आबाजी दाताखाली धरून बघायचे. "यंदा बारीक आहेत. पानी कमी पडला असन तिकडं." माझ्या खोट्यातल्या खाचा ते स्वतःच बुजवायचे. आणि ते शिवून द्यायचे तो तांदूळ? तो मी पोस्टात टाकते म्हणून न्यायची आणि कॉलेजच्या कँटीनवाल्या बाईला द्यायची. ती खूश व्हायची, मला त्याचाच पुलाव वाढायची. मी खायची. वास अजून नाकात आहे.

इथं थांबले असते तर तुम्ही मला माफही केलं असतं, नाही का? म्हातारा दोस्त वारला असेल, पोरीनं आजोबांना धक्का बसू नये म्हणून लपवलं असेल. बिचारी. माझ्याबद्दल कुणी असा विचार करू लागलं की मला संताप येतो. तसं काही नव्हतं.

बारावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यातलं आहे. मला पुण्याला जायचं होतं. एका चांगल्या कॉलेजात नाव लागलं होतं, इंग्रजी साहित्याला. बाबा हो म्हणत होते – म्हणजे आबाजींकडे बघत हो म्हणत होते. आबाजी म्हणाले, "पुन्याले कायले? गोंदियात कालेज नाही काय?" मी लाजरी मुलगी, मोठ्यांपुढे बोलायची सवय नाही, तरी मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन त्यांच्यापुढे एवढं. कॉलेज किती चांगलं आहे, शिष्यवृत्ती आहे, मुलींचं वसतिगृह आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी अठरा वर्षं घराबाहेर झोपलो, पोरी. बाहेर काय असते ते मले मालूम आहे. तू माह्या डोऱ्यासमोर राय." आणि उठून ताटं मोजायला गेले. त्या संध्याकाळी मी जेवले. हाजरी भरली. तेव्हापासून मी त्यांच्याशी नीट बोलायची, नीट वागायची, पाणी द्यायची, चष्मा पुसून द्यायची, आणि मनातून – कसं सांगू – मनातून त्यांच्याकडे बघायचं मी बंद केलं होतं.

जूनमध्ये पोस्टमन आला. पत्र आबाजींच्या हातात पडलं. त्यांनीच ते आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि नेहमीसारखे शेजारी बसले.

जिन्सीनं लिहिलं होतं: चाकोला कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन महिने. ती स्वतः बंगळुरूचं कॉलेज मध्येच सोडून त्याच्यासाठी घरी आली होती. – ती बंगळुरूला शिकत होती, हे मला तेव्हा कळलं. त्या ओळीवर मी उगाच दोनदा डोळे फिरवले. – पुढे होतं, चाको रोज विचारतो. म्हणतो, हवालदाराला लिही, मातीला यायचं ठरलं होतं हे खरं, पण तू त्याच्याआधीच ये. मेल्यावर आलास तर मला दिसणार कसा? खाली तिचा फोन नंबर होता. आम्ही स्टेशनवर घ्यायला येऊ. ज्या गाडीनं याल त्या गाडीला.

आबाजींचं बोट नावावर होतं. "काय म्हनते?"

मी म्हटलं, "मिरी चांगली आली म्हणतो यंदा. गुडघे दुखतात. जिन्सी कॉलेजात जायला लागली."

"बस?"

"बस."

त्यांनी पत्र घेतलं, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं. ज्या पत्रात त्यांना बोलावलं होतं ते पत्र सहा वर्षं त्यांच्याच ट्रंकेत होतं. अधूनमधून ते सगळी पत्रं काढायचे, त्यातच तेही हातात घ्यायचे, नावावरून बोट फिरवायचे आणि परत ठेवायचे.

घाबरून बोलले असेन? नाही. अशा वेळी तोंडातून काहीतरी निघून जातं म्हणतात. माझं तसं झालं नाही. मला पूर्ण माहीत होतं. ट्रकखालची ती दुपार मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की जॅकचा आवाजही मला पाठ होता. आणि मी दुसऱ्या दिवशी सावकाश बसून उत्तर लिहिलं. आबाजींच्या नावानं, दोन ओळी: घरच्या जबाबदाऱ्यांमुळे येणं शक्य नाही. तब्येतीची काळजी घ्यावी. पाकिटाला तिकीट लावून स्वतः पेटीत टाकलं. पेटीचं झाकण खाली पडल्याचा आवाज झाला, आणि मला – लिहिताना हात थांबतो आहे, पण लिहिते – मला बरं वाटलं.

कारण मला पुण्याला जाऊ दिलं नाही. म्हणून मी त्यांना केरळला जाऊ दिलं नाही. एवढंच कारण होतं. सहा वर्षं मी याला दुसरी नावं देऊन बघितली – त्यांचा पाय, लांबचा प्रवास, उन्हाळा, माझं वय. एकही टिकलं नाही. तुम्ही डोऱ्यासमोर राहा म्हणता ना? मग तुम्हीही राहा.

दोन महिन्यांनी दुसरं पत्र आलं. तेही त्यांच्याच हातात. चाको वारला होता. जिन्सीनं लांबलचक लिहिलं होतं. मी पाठवलेल्या दोन ओळी तिनं पाटीवर लिहून त्याच्यापुढे धरल्या होत्या. त्यानं बराच वेळ वाचल्या आणि म्हणाला, हवालदार येत नाही म्हणजे त्याच्या घरात काहीतरी मोठं झालं असणार, त्याला परत विचारू नका, त्याला वाईट वाटेल. मग त्यानं पाटी पुसू दिली नाही. ती खाटेजवळच ठेवली. तिनं सगळीकडे त्याचं नाव लिहिलं होतं. नेहमीसारखं.

आबाजींचं बोट थांबत होतं, पुढे जात होतं, परत थांबत होतं. "आज चाको लय खेपा लिवलं आहे. काय म्हनते?"

"त्याच्या गमती सांगते आहे," मी म्हटलं. "परवा धाकट्या नातवाला झाडावर चढून दाखवायला गेला आणि फांदीवरच अडकला. चौघांनी मिळून उतरवला."

आबाजी हसले. तोंडावर हात धरून, खांदे हलवत हसले. "गाढव आहे साला. पहिल्यापासूनच."

त्या कागदावर बोट ठेवून ते हसले. मी हे पाहिलेलं आहे.

रोज संध्याकाळी आमच्या घरी त्रिशरण-पंचशील होतं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे त्यातलं चौथं. मी रोज म्हणायची. आबाजी माझ्या उजवीकडे बसायचे. जिन्सीला मी उत्तर दिलं नाही. तिनं आणखी एकदा लिहिलं, मग थांबली. पुढच्या वर्षी टाळेबंदी लागली, सगळ्यांचंच येणं-जाणं बंद झालं आणि माझं काम सोपं झालं.

आता शेवटचं. याच्यापुढे मला जास्त सांगायचं नाही, पण सगळ्यात वाईट हेच आहे.

या जानेवारीत आबाजींच्या फुप्फुसात पाणी झालं. गोंदियाला दाखवलं, आठवडाभर ठेवलं, मग घरी न्या म्हणाले. खाट पुढच्या खोलीत लावली, जिथून दार दिसतं. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. आवाज राहिला नव्हता. "आता माहा नंबर आला. चाकोले लिव. मातीले नको येऊ म्हन, आधीच ये. मले दिसला पायजे."

तेच वाक्य. सहा वर्षांपूर्वी तिकडून आलेलं. त्या दोघांनी ठरवलं होतं का हे बोलायचं? मी पॅड घेतलं आणि लिहिलं. खरंच लिहिलं, इंग्रजीत, अगदी स्वच्छ अक्षरात. कुणाला लिहीत होते?

मग ते वाट बघू लागले. चौकात ऑटो थांबला की मान वळायची. आईला म्हणाले, त्याले भातासोबत मासे लागतात, सांगून ठेव. बाबांना म्हणाले, स्टेशनवर तू जाजो, त्याले ऐकू येत नाही, हात करजो. नवा चिन्नोर पिशवीत शिवून उशाशी ठेवला होता – या खेपेला पोस्टानं नको, त्याच्या हातात देतो म्हणून. अठरा दिवस. अठराव्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "पोरी, खरं सांग. त्याचं काही आलं का?"

तेव्हा मला सांगता आलं असतं. सगळं नको, निदान एवढं तरी – आबाजी, चाको गेला. गेला आहे, म्हणून येत नाही. हे एक वाक्य. ते रडले असते, पण चाको त्यांचा राहिला असता. मी विचार केला. हो, तेवढा वेळ होता मला. कधी गेला, विचारतील. कसा, विचारतील. मले काऊन नाही बोलावलं, विचारतील. मग ट्रंक उघडतील, बाबांना ती पत्रं वाचायला दुसऱ्या कुणाकडे पाठवतील.

मी म्हटलं, "आलं. नाही येत म्हणतो, आबाजी. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे येणं शक्य नाही म्हणतो."

चाकोला पाठवलेलंच वाक्य. दुसरं मला सुचलंही नाही.

"जबाबदाऱ्या," आबाजी म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "जबाबदाऱ्या."

चाकोनं पाटी वाचून काय म्हटलं होतं ते मला ठाऊक होतं. आबाजींनी तसं म्हटलं नाही. त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथं त्यांचा आणि चाकोचा फोटो होता, ट्रकच्या बॉनेटवर दोघं बसलेले, दोघंही हसणारे. म्हणाले, "तो फोटो काढ."

मी स्टूल घेतलं आणि काढला.

त्यानंतर त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही. मान दाराकडे वळली नाही. उशाशी शिवून ठेवलेला तांदूळ त्यांनी आईला उसवायला लावला, "घरात खाऊन टाका." नऊ दिवसांनी गेले. ज्या माणसानं त्यांच्यासाठी कान घालवले, त्याच्यावर रागावून गेले. तो राग मी दिलेला होता. एवढ्या लांबलचक, सरळ आयुष्याच्या शेवटी त्यांच्याजवळ हीच एक खोटी गोष्ट होती, आणि ती त्यांनी खरी धरून नेली.

मातीच्या दिवशी आत्या अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, "तो मद्रासी नाही आला नं? जिंदगीभर दोस्त दोस्त केलं. कायचा दोस्त! असा राहते दोस्त?" बायांनी माना हलवल्या. मी त्यांना पाण्याचे पेले देत होते. एक पेला आत्यालाही दिला.

फोटो माझ्या कपाटात आहे, कपड्यांच्या खाली. भिंतीवर खिळा तसाच आहे. खरी पत्रं आणि माझी पत्रं ट्रंकेत एकाच गठ्ठ्यात आहेत, एकाच सुतळीनं बांधलेली. घरात ती कुणाला वाचता येत नाहीत. जिन्सीचा नंबर तिच्या पहिल्या पत्राच्या तळाशी आहे. मी तो लावलेला नाही.

परवा आईनं स्वयंपाकघर आवरायला काढलं. मिऱ्यांची बरणी हातात आली तशी थांबली, म्हणाली, "त्या माणसाचं काही नको या घरात," आणि मागच्या दारानं जाऊन बरणी उकिरड्यावर उपडी केली. गोंदियाच्या बाजारातले मिरे होते ते, मी आणलेले. मी दारात उभी होते. आईनं रिकामी बरणी माझ्या हातात दिली. मी ती घासली आणि उन्हात पालथी घातली.